गोठ्यातली चेतक : जुनी स्कूटर जपण्याचा छंद



आपल्याकडे कितीतरी घरांत गोठ्याच्या कोपऱ्यात, कडब्याच्या आड, फाटक्या ताडपत्रीखाली एक जुनी स्कूटर उभी असते. कोंबड्या तिच्या सीटवर बसतात, पोरं हँडल धरून तोंडानं आवाज काढतात. कधीकाळी याच गाडीवर नवरीची पाठवणी झालेली असते, दुधाचे कॅन गेलेले असतात, बाळंतीण दवाखान्यात पोचलेली असते. अशी गाडी हौसेनं पुन्हा चालू करणं आणि चालू ठेवणं, हा आजचा विषय.

ही स्कूटर आली कुठून ते आधी थोडक्यात सांगतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर इटलीत 1946 साली पियाजिओ कंपनीनं व्हेस्पा बाजारात आणली. तिची रचना करणारा कोरादिनो दास्कानिओ हा विमानांचा इंजिनीअर. मोटारसायकल त्याला आवडत नसे. म्हणून त्यानं इंजिन झाकणाखाली मागच्या चाकाजवळ नेलं, साखळी काढून टाकली आणि पुढं पाय ठेवायला मोकळी जागा केली. कपडे तेलानं माखू नयेत, टांग न टाकता बसता यावं, हा हिशेब. साडी नेसून बसणाऱ्या आपल्या आयांना तो हिशेब इथं फार उपयोगी पडला. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज कंपनी पियाजिओच्या परवान्यावर हीच स्कूटर बनवत होती. 1971 साली तो करार संपला आणि 1972 साली बजाजनं चेतक आणली. नाव राणा प्रतापाच्या घोड्याचं. पुढची कितीतरी वर्षं गाडीसाठी नंबर लावून वाट बघावी लागे. हुंड्याच्या यादीतही तिचं नाव असे, हेही सांगितलं पाहिजे. 2009 साली कंपनीनं स्कूटर बंद करत असल्याचं जाहीर केलं. आता 2020 पासून चेतक नावानं जी विकली जाते ती विजेवर चालते. नाव तेच, गाडी वेगळी.

आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्जाचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सासऱ्यांची चेतक चालू करणे.' आधी हसू झालं, मग वाद. ही शेळी नाही, शिलाई मशीन नाही, यातून उत्पन्न काय? एक मावशी म्हणाल्या, भंगारवाला किलोच्या भावानं नेईल, शंभर किलोच्या आसपास भरेल, देऊन टाक. त्यावर दुसरी म्हणाली, "पुरुष हौसेला पैसा घालतात तेव्हा त्यांना कुणी कारणाचा रकाना भरायला लावतं का?" या प्रश्नावर बैठक गप्प झाली. आमचं मत असं पडलं की गटाचा पैसा हौसेला देताना जपून द्यावा, पण हौस बाईची आहे म्हणून तो नाकारू नये. कर्ज मंजूर झालं, दोन टप्प्यांत आणि एका अटीवर : आधी कागद, मग पाना, शेवटी रंग.

ही अट का, ते नीट ऐका. गाडी सासऱ्यांच्या किंवा वारलेल्या नवऱ्याच्या नावावर असते आणि आरसी बुक ट्रंकेत पडलेलं असतं. मालक वारल्यावर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत नाव बदलण्याचा अर्ज करायचा, असा नियम आहे. आपल्याकडे दुःखाच्या दिवसांत हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. मग दहा वर्षांनी दीर म्हणतो गाडी माझी, मुलगा म्हणतो माझी, आणि जिनं झाडून पुसून सांभाळली तिचं नाव कुठंच नसतं. म्हणून पैसे घालण्याआधी वारसांची संमती लेखी घ्या आणि गाडी आपल्या नावावर करा. उशीर झाला असला तरी आरटीओत जाऊन काय भरावं लागेल ते विचारा. घरात नवी गाडी असेल तर तिच्या आरसीवर आता वारस म्हणून नामनिर्देशनही करता येतं, ते आजच करून ठेवा.

खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आपल्या राज्यात जुन्या गाडीवर पर्यावरण करही आहे. शिवाय विमा आणि पीयूसी. आणखी एक गोष्ट बहुतेकींना माहीत नसते : ज्यांनी बिनगिअरच्या गाडीवर लायसन काढलं आहे, त्यांचं लायसन चेतकला चालत नाही. चेतकला गिअर आहेत, त्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते.

आता इंजिनाकडे येऊ. गाडी मेकॅनिककडे टाकून आणली तर तो झाला खर्च. छंद म्हणायचा तर आपले हात काळे झाले पाहिजेत. ज्या बाया वर्षानुवर्षं शिलाई मशीन स्वतः उघडतात, तेल घालतात, टेन्शन लावतात, त्यांना हे काम जड नाही, असा आमचा अनुभव आहे.

चूल पेटायला काय लागतं? सरपण, ठिणगी, वारा. इंजिनाचंही तेच. गाडी चालू होत नसेल तर या तिघांपैकी कोण रुसलंय ते शोधायचं. आधी पेट्रोल : टाकीत आहे का, कॉक उघडा आहे का, नळीतून खाली येतंय का. अनेक वर्षं उभ्या गाडीतलं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरची बारीक भोकं बुजतात. कार्बोरेटर उतरवून साफ करायचा, पण त्या भोकांत तार घालायची नाही, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिऊ लागते. हवा मारून साफ करा. दुसरी ठिणगी : प्लग खोलून बघा. टोक तपकिरी, चहाच्या गाळासारखं कोरडं असेल तर तब्येत ठीक. काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त होतंय. पांढरं फटक पडलं असेल तर पेट्रोल कमी पोचतंय आणि इंजिन तापतंय, अशी गाडी दामटू नका. जुन्या चेतकला पॉइंट असतात, ते झिजले की ठिणगी मंद पडते. तिसरी हवा : एअर फिल्टर धुळीनं भरला की चुलीला फुंकणीच मिळत नाही.

पूर्वी पुरुष मंडळी सकाळी गाडी एका अंगावर आडवी करायची, मग किक मारायची. हे दृश्य आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यानं कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उतरतं, असं सांगत. खरं म्हणजे चोक नीट चालत असेल आणि प्लग साफ असेल तर या लोटांगणाची गरज नाही. फार आडवी केली तर प्लग ओला होऊन उलट घाम फुटतो.

तेलाचं मात्र पक्कं लक्षात ठेवा. टू-स्ट्रोक चेतकमध्ये पिस्टनला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. म्हणून पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं, साधारण दोन टक्के, म्हणजे लिटरला 20 मिलि. ते विसरलं तर पिस्टन सिलिंडरला धरतो आणि इंजिन जागेवर जाम होतं, तेही चालत्या रस्त्यात. तेल ओतून मग पेट्रोल भरलं की ते चांगलं मिसळतं. उगाच जास्तही घालू नका, पांढरा धूर होतो, सायलेन्सरमध्ये काजळी साचते आणि गाडी चढाला रडते. शेवटी शेवटी फोर-स्ट्रोक चेतकही आली होती, तिचं इंजिन ऑइल वेगळं असतं, तिच्या पेट्रोलमध्ये हे तेल घालायचं नाही. आपली कुठली आहे ते आधी बघा. टू-स्ट्रोकला गिअरचं तेल वेगळं लागतंच.

केबल बदलणं हे आपल्या हातचं काम. क्लच, गिअर, ब्रेक, अॅक्सिलरेटर सगळं केबलवर चालतं. त्या हँडलमधून, पत्र्याच्या पोटातून जातात. जुनी ओढून काढली तर नवी घालताना दिवस जातो. परकराची नाडी बदलताना आपण काय करतो? जुन्या नाडीच्या टोकाला नवी बांधतो आणि ओढतो. अगदी तसंच. एका बैठकीत मेकॅनिकदादा हे शिकवायला आले होते, ते केबलची वाट समजावून सांगेपर्यंत बायांनी काम उरकलं होतं.

काही गोष्टींत मात्र हौस बाजूला ठेवायची. चेतकच्या चाकाची रिम दोन अर्ध्या भागांची असते, ते भाग नटांनी जोडलेले असतात. त्यामुळे पंक्चर घरी काढता येतं. पण ते नट ढिले करण्याआधी ट्यूबमधली हवा पूर्ण सोडा. हवा असताना नट सुटले तर रिम उडून तोंडावर येते. ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आत जी भुकटी असते तिच्यावर फुंकर मारू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात बसतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या. पेट्रोलनं सुटे भाग धुताना चूल, बिडी, मोबाइलचा चार्जर दूर ठेवा, आणि बंद खोलीत इंजिन चालू करू नका. तो धूर वासानं कळतो, पण त्यातला जीवघेणा कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही.

गंजाबद्दल. चेतकचं अंग म्हणजे पत्राच आहे, आत वेगळा सांगाडा नाही. पत्रा सडला की गाडीचा कणा सडला. पाय ठेवायच्या जागी रबरी मॅट असते, तिच्याखाली पाणी आणि शेणामातीचा गाळ साचतो, गंज तिथूनच लागतो. मॅट उचलून अंगठ्यानं दाबून बघा. पत्रा दबला तर आधी वेल्डिंग. वर लांबी भरून चकचकीत रंग मारणारे कारागीर भेटतात, ते गालावर पावडर लावल्यासारखं आहे.

आता बदल किती करायचे? तरुण मुलं इंटरनेटवर बघून रुंद टायर, मोठा आवाज करणारा सायलेन्सर, वाकडं हँडल बसवतात. कायद्याचं म्हणणं असं : मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विजेचं किट बसवायचं तर ते मान्यताप्राप्त असलं पाहिजे आणि आरसीवर त्याची नोंद झाली पाहिजे. पायानं अधू असलेल्या मैत्रिणीसाठी मागे आधाराची दोन चाकं बसवणं हा फार चांगला बदल आहे, पण तोही आरटीओच्या मंजुरीनं. रंगसुद्धा आरसीवर लिहिलेला असतो, म्हणून बदलण्याआधी विचारा.

आम्हाला विचाराल तर टायर, ब्रेक, केबल, वायरिंग आणि दिवे नवे करा, बाकी गाडी जशी होती तशी राहू द्या. टायर घेताना त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचा. 3224 असेल तर ते टायर 2024 सालच्या 32 व्या आठवड्यातलं आहे. नवं म्हणून जुना माल गळ्यात पडत नाही. मूळ रूप जपण्याला पुढं किंमतही आहे : 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी विंटेज म्हणून वेगळी नोंदवता येते. सगळ्यात पहिल्या चेतक आत्ता कुठं त्या वयाच्या झाल्यात. पण त्या नोंदणीची फी 20,000 रुपये आहे आणि अशी गाडी रोज बाजाराला नेता येत नाही, ती प्रदर्शनापुरती. आपल्याला गाडी फिरवायची असेल तर तो नाद नको.

शेवटचं पावसाळ्याचं. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि जुने रबरी वायसर, नळ्या फुगवतं. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. प्लग काढून आत चमचाभर टू-टी ऑइल सोडा, दोनदा हळू किक मारा, प्लग परत बसवा. केबलच्या टोकांना ग्रीस लावा. ताडपत्री थेट अंगावर टाकू नका, खालून वारा खेळू द्या. आणि उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा धान्याच्या पोत्यांशेजारी गाडी लावू नका.