सनदेनंतरची वर्षं

महिला वकिलांवरचा लेख म्हटला की कॉर्नेलिया सोराबजींपासून निघायचं आणि एकेक ‘पहिली’ मोजत सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायचं, अशी आपल्या अंकांतून वहिवाटच पडली आहे. या सगळ्या बायकांविषयी मला मनापासून आदर आहे. पण जिल्हा न्यायालयात हयात घालवल्यावर माझं लक्ष पहिलीपेक्षा हजाराव्या मुलीकडे अधिक जातं. तिनं सनद घेतली, काळा कोट शिवला, एका वकीलसाहेबांच्या कार्यालयात बसायला लागली आणि चार-पाच वर्षांत दिसेनाशी झाली. ती कुठे गेली हे कुणी विचारत नाही. स्त्रियांना वकिलीत पुढे आणायचं म्हणजे तिला या वर्षांत टिकवायचं, हे मी वर्षानुवर्षं बोलत आले आहे आणि आजही तेच मांडणार आहे.

इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. सोराबजींचा जन्म १८६६ चा, आपल्या नाशिकचा. डेक्कन कॉलेजात शिकून त्या ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा दिली, पण स्त्री म्हणून पदवी हाती पडायला पुढची तीसेक वर्षं गेली. इकडे १९१६ मध्ये रेजिना गुहांना कलकत्ता उच्च न्यायालयानं आणि १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरांना पाटणा उच्च न्यायालयानं सनद नाकारली. त्याच १९२१ मध्ये अलाहाबादनं सोराबजींना वकील म्हणून नोंदवून घेतलं आणि १९२३ च्या कायद्यानं स्त्रियांवरची बंदी देशभर उठली. हे सगळं लेखांतून येतं. पण सोराबजींनी आयुष्यभर नेमकं काम काय केलं, हे फारसं येत नाही. १९०४ पासून त्या बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या कामावर होत्या आणि पडदानशीन विधवांच्या इस्टेटी सांभाळत होत्या. जमीन, दत्तक, अज्ञान वारस, दीर-भाच्यांनी लाटलेली मिळकत हेच त्यांचं रोजचं काम होतं. म्हणजे आपली पहिली महिला वकील हाडाची दिवाणी वकील होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं माझं सगळं म्हणणं यावरच उभं आहे.

मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, १९२३ मध्ये लंडनहून बॅरिस्टर होऊन आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला बॅरिस्टर ठरल्या. त्यांनाही उभं राहायला भुलाभाई देसाईंचं चेंबर लागलं. कायद्यानं सनद मिळते, काम मिळत नाही. काम ज्येष्ठाच्या टेबलावरून खाली येतं, आणि ते खाली येताना कुणाच्या हातात पडतं यावर सगळं अवलंबून असतं.

न्यायाधीशांची यादी मी भराभर उरकते. अॅना चांडी १९३७ मध्ये त्रावणकोरात मुन्सिफ आणि १९५९ मध्ये उच्च न्यायालयात. सुजाता मनोहर १९७८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आणि १९९४ मध्ये तिथल्याच मुख्य न्यायमूर्ती. फातिमा बीवी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. लीला सेठ १९९१ मध्ये हिमाचलच्या मुख्य न्यायमूर्ती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिघींनी एकाच दिवशी सर्वोच्च न्यायालयात शपथ घेतली, तेव्हा तिथवर पोचलेल्या स्त्रियांची संख्या अकरा झाली. या अकरांपैकी थेट वकिलीतून गेलेल्या फक्त एक, २०१८ मध्ये इंदू मल्होत्रा. बाकी दहा जणी उच्च न्यायालयाच्या न्यायासनावरून गेल्या. मला या यादीतली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते.

‘संख्या वाढू द्या, बाकी आपोआप होईल’ असं म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्याच संशोधन विभागाच्या २०२३ च्या अहवालात जिल्हा न्यायव्यवस्थेत ३६.३ टक्के न्यायाधीश महिला आहेत, उच्च न्यायालयांत मात्र १३.४ टक्के. खाली बहुतांश भरती लेखी परीक्षेनं होते, तिथे मुली पुढे आहेत. वर जिथे वकिलीतलं वजन, ओळख आणि शिफारस बघितली जाते तिथे त्या विरळ होतात. आणि नोंदणीकृत वकिलांत स्त्रियांचं प्रमाण, संसदेत दिल्या गेलेल्या आकड्यांनुसार, पंधरा टक्क्यांच्या आसपासच आहे. विधी महाविद्यालयाच्या वर्गात निम्म्या बाकांवर मुली दिसतात. मग संख्या आपोआप काय करते आहे?

आता माझ्या विषयाकडे येते. महिला वकील आली की तिच्याकडे पोटगी, घटस्फोट आणि मुलांचा ताबा, अशी वाटणी आमच्या बारमध्ये फार पूर्वी झाली. कुटुंब न्यायालयं आल्यावर ती आणखी पक्की झाली. या कामाला मी कमी लेखत नाही. मी स्वतः ते भरपूर केलं आहे. फ्लेव्हिया अॅग्नेस यांच्यासारख्या वकिलांनी त्या कामाची उंची कुठे नेता येते हे दाखवून दिलं आहे. पण ‘बायकांना समजुतीचं काम चांगलं जमतं, तेच त्यांनी करावं’ हे जे मत अगदी सुशिक्षित वकीलमंडळीही मांडतात, ते मला कधीच पटलं नाही. त्या मतामुळे मुलीच्या हाती अशी प्रकरणं येतात जी दोन-तीन वर्षांत संपतात, ज्यांतले पक्षकार सहसा परत येत नाहीत, आणि ज्यांची फी मागतानाही जीव संकोचतो. दिवाणी काम म्हणजे दावा, कैफियत, निशाणी ५ चा मनाई अर्ज, कोर्ट कमिशनर, साक्षीपुरावा, अपील, आणि हुकूमनामा झाल्यावर पुन्हा दरखास्त. एक घर वकिलाशी वीस वर्षं बांधलेलं राहतं. मग त्याच घरातला पुतण्या येतो, शेजारचा बांधावरचा दावा येतो. वकिली उभी राहते ती अशी.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सात-बारा वाचायला बसवायची. नंतर शनिवारी दुपारी इतर कार्यालयांतल्या मुलीही येऊ लागल्या. फेरफाराचा क्रमांक कुठे शोधायचा, पीकपाहणीचं सदर किती वर्षं मागे बघायचं, वारसनोंदीची वर्दी कुणी दिली, नोटीस कुणावर बजावली, खरेदीखतातली चतुःसीमा नकाशाशी जुळते का, हे आम्ही खऱ्या उताऱ्यांवरून शिकायचो. त्या काळात महाराष्ट्रात हिंदू वारसा कायद्याला १९९४ ची दुरुस्ती आली होती. २२ जून १९९४ पूर्वी लग्न न झालेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. २००५ मध्ये तो देशभर आणि विवाहितांनाही मिळाला, आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालानं वडील हयात असण्याची अटही निकालात निघाली. लेकी वाटपाचे दावे घेऊन येऊ लागल्या, आणि त्यांना वकीलही बाईच हवी असायची. पुरुष वकिलासमोर ‘भावावर दावा लावायचाय’ हे वाक्य त्यांच्या तोंडून निघत नसे.

अशाच एका दाव्यात आमच्यातल्या एका मुलीनं पहिल्यांदा उलटतपास घेतला. समोर भाऊ साक्षीदार, आणि बचाव नेहमीचा: बहिणीनं राजीखुशीनं हक्क सोडला. मुलीनं आवाज चढवला नाही. आधी विचारलं, हक्कसोडपत्र नोंदवलं का? नाही, तोंडी सोडला. मग वर्दी कुणी दिली? मीच दिली. मग तिनं फेरफाराची नक्कल हातात घेतली आणि नोटीस बजावल्याची तारीख त्याच्याकडून वदवून घेतली, पाठोपाठ मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केल्याची तारीख. हरकतीची पंधरा दिवसांची मुदतही भरली नव्हती. फेरफारानं मालकी ठरत नाही, हे कुठलाही दिवाणी वकील सांगेल. पण त्या दोन तारखांनी राजीखुशीचा सगळा बचाव ढिला पडला. न्यायाधीश मान खाली घालून लिहून घेत होते आणि ती त्यांची लेखणी थांबेपर्यंत पुढचा प्रश्न विचारत नव्हती. हे मी तिला शिकवलं नव्हतं. कोर्टात बसून बसून ती ते शिकली. आज ती मालमत्तेच्या दाव्यांत जिल्ह्यात नाव असलेली वकील आहे, आणि तिच्याकडे तीन मुली ज्युनिअर आहेत.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि त्या वेळात मुलीनं खायचं काय? बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, सक्ती केली नाही. तालुक्याच्या वकिलाला ते परवडत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण मग वकीलपत्रावर आपण कल्याण निधीचं तिकीट लावतो, त्यातला काही वाटा पहिल्या तीन वर्षांच्या ज्युनिअरकडे वळवायला कायद्यात दुरुस्ती का करू नये? हा प्रस्ताव मी बारच्या सभांतून अनेकदा मांडला. ‘मुलांनाही लागेल’ असं उत्तर आलं. लागू द्या की! मुलगा मात्र रात्री नऊपर्यंत साहेबांच्या कार्यालयात थांबू शकतो आणि पक्षकाराच्या गाडीतून दुसऱ्या तालुक्याला जाऊ शकतो. विनापगारी वर्षांचा भार मुलीच्या घरच्यांना आधी जाणवतो, आणि स्थळं बघायला तेव्हाच सुरुवात होते.

बाररूमबद्दल लिहायचं तर मला अजूनही राग येतो. २०२१ मध्ये तेव्हाच्या सरन्यायाधीशांनी जाहीरपणे सांगितलं होतं की देशातल्या सुमारे सहा हजार कनिष्ठ न्यायालयांपैकी २२ टक्क्यांत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी निकाल द्यावा लागला. दिवसभर पाणी न पिता पुकाऱ्याची वाट बघत बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांत गरोदर होत्या. छळाच्या तक्रारीचंही तसंच. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की वकील आणि बार कौन्सिल यांच्यात मालक-नोकराचं नातं नसल्यानं वकिलानं वकिलाविरुद्ध केलेल्या तक्रारीला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लागू होत नाही. मार्ग अॅडव्होकेट्स अॅक्टच्या शिस्तभंग तरतुदीचा. कायद्याच्या अक्षराचं ते वाचन असेल, पण ज्या समितीत निवडून आलेले बहुतेक पुरुष, तिच्यापुढे चोवीस वर्षांची ज्युनिअर आपल्याच साहेबांविरुद्ध उभी राहील, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

आणि शिकवणं आटलं आहे, याचं दुःख सर्वांत मोठं. आमच्या काळी साहेब मसुद्यावर लाल शाईनं रेघोट्या ओढायचे, तीनदा परत लिहायला लावायचे. आता जुना दावा संगणकावर उघडून नावं बदलली की झालं. मुली अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा जिंकून येतात, पण रोजनामा काय असतो ते त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. शिरस्तेदारांपुढे दावा दाखल करताना कोर्ट फीचा हिशेब चुकतो आणि त्या शरमतात. हा दोष त्यांचा नाही. त्यांना शेजारी बसवून घेणारे ज्येष्ठ उरले नाहीत.

म्हणूनच २० मे २०२५ च्या निकालाकडे मी आशेनं पाहते. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सक्तीची केली. मुलींसाठी हा अडथळा आहे, असं माझ्या काही मैत्रिणी तावातावानं म्हणतात. पगाराविना तीन वर्षं काढणं मुलींना अवघड जातं, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. म्हणून तर विद्यावेतनाचा प्रश्न आधी सोडवायचा. पण या नियमामुळे परीक्षेच्या क्लासला जाणाऱ्या शेकडो हुशार मुली आता कोर्टात येतील. त्यांना दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला लागेल आणि त्यावर प्रधान न्यायिक अधिकाऱ्याची प्रतिसही. माझं सहकाऱ्यांना सांगणं आहे की दाखल्याचा कागद तसाच सही करून देऊ नका. मुलीची वही मागा. तिनं किती मनाई अर्ज लिहिले, किती साक्षीदारांचा सरतपास घेतला, किती जणांचा उलटतपास घेतला, दरखास्तीत बेलिफाबरोबर जागेवर गेली का, हे तारखांसकट त्यात हवं. आमच्या शनिवारच्या मुलींसाठी मी अशा वहीचा नमुना तयार केला आहे. त्यात सात-बाराचं पान पहिलं ठेवलं आहे. ज्या बार असोसिएशनला तो हवा असेल, तिनं मागवून घ्यावा.