कायद्याचे पुस्तक कोणत्या राज्याचे, कोणत्या सालाचे?
(विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयाचा आपल्याला होणारा उपयोग)

वडोदऱ्यातील मराठी घरांत कायद्याची जी पुस्तके सापडतात, ती बहुतेक पुण्या-मुंबईची छापील असतात. भाडेकरू, मृत्युपत्र, सार्वजनिक न्यास, वारसाहक्क असे त्यांचे विषय. भाषा आपली, मांडणी सोपी, म्हणून आपण विश्वासाने वाचतो. मंडळात आमच्याकडे सभासद जे प्रश्न घेऊन येतात, त्यांतले निम्मे अशा पुस्तकांतून निघालेले असतात. त्यांना आम्ही आधी दोनच गोष्टी विचारतो : पुस्तक कोणत्या राज्याचे आणि कोणत्या सालाचे?

राज्याचे आधी पाहू. बडोदा संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी गुजरात वेगळे झाले. त्यामुळे १९६० पूर्वीचे मुंबईचे बरेच कायदे दोन्ही राज्यांना वारसाने मिळाले, पण पुढे प्रत्येकाने आपापल्या दुरुस्त्या केल्या. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा आज इकडे गुजरातच्या नावाने आहे, तिकडे महाराष्ट्राच्या. मूळ एकच, पण कलमे शब्दशः सारखी राहिलेली नाहीत. भाडे नियंत्रणाचे तर रस्तेच वेगळे झाले. महाराष्ट्राने १९४७ चा कायदा बाजूला ठेवून १९९९ चा नवा कायदा आणला. गुजरातेत १९४७ चाच कायदा नाव बदलून चालू राहिला. तेव्हा वाड्यातल्या जुन्या भाडेकरूविषयी पुण्याचे पुस्तक वाचून नोटीस लिहायला बसू नये.

सालाचा प्रश्न याहून नाजूक आहे. बँकेत आयुष्य गेले, म्हणून उदाहरण धनादेशाचेच देतो. धनादेश न वटता परत आला, तर परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे देणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. पूर्वी ही मुदत १५ दिवसांची होती. २००२ च्या दुरुस्तीने, म्हणजे फेब्रुवारी २००३ पासून, ती ३० दिवसांची झाली. बँकेकडून परतीची माहिती मिळाल्यापासून हे दिवस मोजायचे. जुने पुस्तक वाचणारा माणूस सोळाव्या दिवशी हात टेकून बसेल आणि हातातले १४ दिवस फुकट घालवील. पैसे त्याचे, हक्कही त्याचा, फक्त पुस्तक शिळे.

न्यायालयाचे निवाडेही शिळे होतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलासारखाच सहदायिकाचा हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात नसतील तर काय? प्रकाश विरुद्ध फुलवती या २०१५ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात असणे आवश्यक मानले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवले : हक्क जन्मानेच आहे, वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही. (२० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.) मधल्या पाच वर्षांत छापलेले पुस्तक वाचून एखाद्या बहिणीने हक्क सोडल्याचा कागद करून दिला असेल, तर तिचे नुकसान किती, ते आपणच ठरवा.

विधी ग्रंथालयाचे खरे काम इथे सुरू होते. लोकांना वाटते, तिथे जाड पुस्तके असतात. असतातच. नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरचे, म्हणजे आपल्या चितळ्यांनी सुरू केलेल्या ए.आय.आर.चे, १९१४ पासूनचे खंड कपाटभर लागलेले दिसतात. पण निवाडा शोधून देणे हा अर्धाच भाग झाला. तो नंतर कोणी उचलून धरला, कोणी मर्यादित केला, कोणी फिरवला, हे पाहण्याची सोय ही तिथली मोठी सेवा. पूर्वी त्यासाठी सूची आणि पुरवण्या चाळत. आता विद्यापीठे वर्गणी भरून संगणकीय संग्रह घेतात आणि एका निवाड्याच्या नावावरून पुढचे सगळे उल्लेख समोर येतात.

संदर्भ वाचायला शिकणे अवघड नाही. वर्ष, मालिकेचे नाव, न्यायालय, पान, एवढेच असते. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालय स्वतःच प्रत्येक निवाड्याला वर्ष, 'आयएनएससी' ही अक्षरे आणि क्रमांक देते, त्यामुळे कोणत्या प्रकाशकाचा खंड आहे याला पूर्वीइतके महत्त्व उरलेले नाही.

घरी बसूनही बरेच काही मिळते. सर्वोच्च न्यायालयाचे १९५० पासूनचे निवाडे 'ई-एससीआर' वर जानेवारी २०२३ पासून विनामूल्य खुले आहेत. काहींचे मराठी आणि गुजराती अनुवादही आहेत. ते समजून घेण्यासाठी, आधार इंग्रजी मजकुराचाच. कायद्यांसाठी केंद्र सरकारचे 'इंडिया कोड' पाहावे; तिथे दुरुस्त्यांसह केंद्राचे आणि राज्यांचेही कायदे आहेत, तेव्हा गुजरात निवडायला विसरू नये. संशोधनाची आवड असणाऱ्यांना आपल्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे 'शोधगंगा' आहे, त्यात देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध वाचता येतात.

१ जुलै २०२४ पासून तर घरातल्या संग्रहाची पुन्हा झाडाझडती करायला हवी. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तोंडात बसलेले ४२० आता ३१८ मध्ये गेले. पुराव्याचा कायदाही बदलला. संगणकावरील नोंदींच्या दाखल्यासाठी जुन्या ६५-बी ऐवजी आता नव्या अधिनियमाचे कलम ६३ पाहायचे. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना मात्र जुनीच संहिता लागू, म्हणून जुनी पुस्तके रद्दीत घालू नका, त्यांवर तारीख लिहून ठेवा.

शब्दांची अडचण आली, तर सयाजीराव महाराजांच्या काळातला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' जरूर पाहावा. १९३१ चा हा कोश राज्यकारभाराचे शब्द मराठी-गुजरातीसह आठ भाषांत देतो. कायदा त्यातून कळणार नाही, पण जुन्या बडोदेशाही दस्तातला शब्द अडला, तर उलगडा होऊ शकतो.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाणार असाल, तर बाहेरच्या वाचकांना प्रवेश कोणत्या अटीवर आहे, ते आधी विचारून घ्यावे. नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात. ओळखपत्र जवळ ठेवा, प्रश्न एका ओळीत लिहून न्या आणि त्यात संबंधित तारखा घाला. ग्रंथपाल कलम आणि निवाडा काढून देतील, अर्थ सांगणार नाहीत. ते त्यांचे काम नव्हे, आणि तसा आग्रहही धरू नये. अर्थासाठी वकिलाकडेच जावे लागते. पण काढून घेतलेली छायाप्रत बरोबर असली, की वकिलाकडचे पहिले बोलणे निम्म्या वेळात आटोपते.