बडोद्याच्या भूगर्भतज्ज्ञाची गुहा

बडोद्यातलं मराठी कुटुंब गुहा बघायला निघालं की गाडी बहुधा अजिंठा-वेरूळला जाऊन थांबते. ती लेणी माणसानं छिन्नीनं कोरलेली. पाण्यानं, ऊन-वाऱ्यानं घडवलेल्या गुहा बघायच्या तर प्रवासाची आखणी दगड पाहून करावी, असं मला मनापासून वाटतं. मुलूख कोणत्या खडकाचा आहे हे कळलं, की तिथली गुहा उथळ असेल की खोल, आत काय दिसेल, याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो.

ही दृष्टी असलेला एक माणूस सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी बडोदे संस्थानच्या नोकरीत होता. रॉबर्ट ब्रूस फूट हे त्याचं नाव. 1863 मध्ये मद्रासजवळच्या पल्लावरमला त्याला दगडी हातकुऱ्हाड सापडली आणि भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाला सुरुवात झाली. सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून तो 1891 मध्ये निवृत्त झाला, आणि सयाजीराव महाराजांनी त्याला संस्थानच्या खडकांची पाहणी करण्यासाठी बोलावून घेतलं. 1893 मध्ये साबरमतीच्या खोऱ्यात त्याला अश्मयुगीन हत्यारं मिळाली. बडोदे संस्थानच्या भूरचनेवरचं त्याचं पुस्तक 1898 मध्ये छापलं गेलं. महाराजांच्या शाळा, ग्रंथालयं आणि संगीतशाळा यांविषयी आपण भरभरून बोलतो. आपल्या राज्याखालचा दगड समजून घेण्याची त्यांची ही ओढ मला तितकीच मोठी वाटते.

फूटच्या नजरेनं शहराच्या पूर्वेला निघालं, की पन्नासेक किलोमीटरवर पावागड लागतो. कालिकामातेचा हा डोंगर लाव्ह्याचा: खाली बेसाल्ट, माथ्याकडे फिकट रंगाचा ऱ्हायोलाइट. लाव्ह्याचा खडक पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तिथं मैलभर आत जाणारी गुहा शोधण्यात अर्थ नाही. सह्याद्रीतही तेच. लाव्ह्याच्या दोन थरांमधला मऊ पट्टा पाणी झिजवतं, वरचा कठीण थर छपरासारखा पुढे राहतो आणि घळ तयार होते. ज्या शिवथरघळीशी दासबोधाच्या लेखनाची परंपरा जोडलेली आहे, ती महाडजवळची घळ धबधब्याच्या कुशीत आहे ती काही योगायोगानं नव्हे.

पावागडाच्या पुढे, छोटा उदेपूरच्या वाटेवर, बडोद्यापासून सुमारे नव्वद किलोमीटरवर तेजगढ येतं, आणि खडक बदलतो. इथला कोराज डुंगर ग्रॅनाइटचा. ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या भेगा असतात. त्या भेगांतून तो झिजत जातो, प्रचंड शिळा सुट्या होतात, एकमेकींवर टेकतात आणि त्यांच्या खाली माणसाला बसता येईल असा आडोसा उरतो. अशाच आडोशाच्या भिंतींवर प्राचीन माणसानं माणसांच्या आणि जनावरांच्या आकृती रंगवून ठेवल्या आहेत. गुजरातमधल्या अशा चित्रांचा शोध आणि अभ्यास ज्यांनी केला त्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले पुरातत्त्वाचे प्राध्यापक वि. ह. सोनवणे यांचं काम मोलाचं आहे. डोंगराच्या पायथ्याशी आदिवासी अकादमी आहे. गणेश देवी यांनी बडोद्यात सुरू केलेल्या ‘भाषा’ या संस्थेनं ती उभारली. तेजगढला जाणाऱ्यानं डोंगर बघून लगेच परतू नये. भोवतालच्या राठवा आदिवासींच्या घरांत ओसरीच्या भिंतीवर आजही पिठोरा देवाचे घोडे रंगवले जातात, नवस फेडण्यासाठी, मोठ्या विधीपूर्वक. डोंगरावरची चित्रं आणि घरातले घोडे यांचं थेट नातं सिद्ध करायची घाई मी करणार नाही. पण एकाच दिवशी दोन्ही पाहिली, की भिंत रंगवणं ही माणसाची किती खोल गरज आहे ते जाणवतं.

खडकाच्या आडोशातली चित्रं ज्यांना मनसोक्त बघायची आहेत त्यांनी भोपाळ गाठावं. तिथून पंचेचाळीस किलोमीटरवरचं भीमबेटका 1957 मध्ये विष्णू श्रीधर वाकणकर या मराठी माणसानं अभ्यासकांच्या नजरेत आणलं. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून इथं थांबत नाही.

मला न्यायचं आहे ते बेलमच्या गुहेत. आंध्रातल्या नंद्याल जिल्ह्यात, कोलिमिगुंडलाजवळ. फूट बडोद्याला येण्यापूर्वी, 1884 मध्ये, त्यानं या गुहेची नोंद केली होती. नंतर जवळजवळ शंभर वर्षं तिच्याकडे फारसं कोणी फिरकलं नाही. 1982-83 मध्ये डॅनिएल गेबाउअर या जर्मन गुहासंशोधकाच्या चमूनं ती मोजली, आणि 2002 पासून ती प्रवाशांना खुली आहे. लांबी सव्वातीन किलोमीटरच्या आसपास. त्यातला साधारण दीड किलोमीटर आपल्याला चालता येतो.

बेलमला डोंगर चढावा लागत नाही. सपाट जमिनीत एक खड्डा आहे, त्यात जिन्यानं उतरायचं आणि गुहेत शिरायचं. याचं कारण पुन्हा दगडच. हा चुनखडक. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं, भेगांतून झिरपतं आणि चुनखडक विरघळवत वाट काढतं. तेच पाणी पुढे छतातून थेंबाथेंबानं ठिबकलं, की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन साचतो. छताला लोंबणारे सुळके तयार होतात, खालून वर वाढणारे खांब तयार होतात. एका दालनात त्यांचा असा दाट समूह आहे की त्याला कोटिलिंगालु म्हणतात. सर्वांत खोल जागा पाताळगंगा, जमिनीखाली सुमारे 46 मीटर. तिथं एक झरा खडकात शिरून दिसेनासा होतो. वाटेतल्या भिंती पाण्यानं इतक्या गुळगुळीत घासल्या आहेत की त्यांवर प्रवाहाची दिशा वाचता यावी.

इथं एक कळकळीची विनंती. हात लावू नका. बोटांचं तेल दगडावर बसलं की पाणी तिथं नीट चिकटत नाही आणि वाढ थांबते. सप्तस्वरांच्या दालनात दगडावर टिचकी मारून सूर ऐकवतात. तेही टाळलं तर बरं.

जायचं थंडीत. आत दमट उकाडा असतो, बाहेरून हवा सोडलेली असली तरी घाम निथळतो. दमेकऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, सगळ्यांनी सुती कपडे आणि न घसरणारे बूट घालावेत, पाणी सोबत ठेवावं. बडोद्याहून मुंबई, मुंबईहून चेन्नईच्या मार्गावरचं ताडिपत्री स्टेशन, आणि तिथून तीसेक किलोमीटर रस्ता. हाताशी आणखी एक दिवस असेल तर उत्तरेला बेतमचेर्लाजवळ बिल्ला सुरगमच्या गुहा आहेत. त्यांतली माती फूट आणि त्याचा मुलगा हेन्री यांनी 1884-85 मध्ये उकरली आणि प्राचीन प्राण्यांच्या हाडांचा मोठा साठा बाहेर काढला.