सिटकॉमला सुट्टीवर पाठवताना...

टीव्हीवर गाजलेल्या विनोदी मालिकेचा सिनेमा काढला की तो बहुतेक वेळा फसतो. पंचवीस मिनिटांत जी माणसं आपल्याला लोळवून हसवतात, तीच दीड तासाच्या सिनेमात पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी अवघडून बसतात. असं का होतं? आणि एखादा सिनेमा जमतो, तो नेमका कशामुळे जमतो? मला सापडलेलं उत्तर एका ब्रिटिश उदाहरणावरून सांगते. मालिकेचं नाव 'द इनबिटवीनर्स', आणि तिच्यावरून २०११ मध्ये आलेला त्याच नावाचा सिनेमा.

प्रकरण चावट आहे, हे आधीच सांगून टाकते. संपादक मंडळाच्या कात्रीला जास्त काम नको, म्हणून चावट प्रसंग इथे देत नाही. त्या चावटपणामागची यंत्रणा कशी चालते, तेवढंच बघू. (सिनेमाचा शेवटही सांगावा लागणार आहे. ज्यांना बघायचाय त्यांनी पान उलटा!)

आधी मालिकेची ओळख. २००८ ते २०१० या काळात ती ई-फोर या चॅनलवर आली. तीन सीझन, प्रत्येकी सहा भाग, एकूण फक्त १८. लेखक दोघे : डेमन बीझ्ली आणि इयन मॉरिस. इंग्लंडमधल्या एका कंटाळवाण्या उपनगरातल्या शाळेत चार पोरं असतात. विल हा खाजगी शाळेतून आलेला, हातात ब्रीफकेस घेऊन फिरणारा शहाणा. आईवडिलांचा घटस्फोट झाल्यामुळे तो या सरकारी शाळेत येऊन पडलाय. सायमन लहानपणापासून कार्ली नावाच्या मुलीसाठी वेडा. जे म्हणजे थापांची फॅक्टरी, जगातला प्रत्येक पराक्रम याने आधीच केलेला असतो. आणि नील, ज्याच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागतो. शाळेतल्या भारी मुलांत यांना जागा नाही आणि हुशार मुलांतही नाही. धड ना इकडचे, धड ना तिकडचे. 'इनबिटवीनर्स' म्हणजे हेच, अधलेमधले.

प्रत्येक भागाचा साचा साधारण एकच. पोरं काहीतरी बेत आखतात : पार्टी, दारू, मुलगी. बेत अत्यंत लाजिरवाण्या पद्धतीने कोसळतो. पुढच्या आठवड्यात चौघं पुन्हा होते तिथेच. कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांना लगेच कळेल, ही एक स्टेबल सिस्टिम आहे. कितीही मोठा डिस्टर्बन्स द्या, थोडा वेळ हलते आणि मूळ जागी येऊन बसते. सिटकॉमचं इंजिन हेच असतं. जेने कधी खोटं बोलणं सोडलं किंवा सायमन कार्लीला विसरला, तर पुढच्या आठवड्यात हसायचं कशावर?

आता या सिस्टिमचा सिनेमा करायचा म्हटलं की तीन अडचणी येतात. पहिली, तीन-चार भाग एकापुढे एक जोडले की सिनेमा होत नाही, नुसती लांबी वाढते. दुसरी, तिकीट काढून आलेल्या माणसाला शेवट लागतो, म्हणजे कुणीतरी बदलायला हवं, आणि बदल तर सिटकॉमचा शत्रू! तिसरी, ज्यांनी मालिका पाहिलीच नाही त्यांचं काय?

ब्रिटिश लोकांचा यावरचा उपाय फार जुना आहे : सगळ्यांना सुट्टीवर पाठवून द्या. 'ऑन द बसेस'ची मंडळी १९७३ च्या सिनेमात वेल्समधल्या हॉलिडे कॅम्पवर गेली. 'आर यू बीइंग सर्व्हड?' मधल्या दुकानाचा अख्खा स्टाफ १९७७ मध्ये स्पेनमधल्या एका काल्पनिक गावी गेला. केव्हिन आणि पेरी ही विनोदी स्किट्समधली जोडी २००० मध्ये इबिझाला पोचली, तर मिस्टर बीन २००७ मध्ये फ्रान्सला. नुसतं ठिकाण बदललं म्हणजे सिनेमा झाला, अशी समजूत यातल्या काहींची दिसते. तसं होत नाही. सुट्टीचा उपयोग कशासाठी करायचा, हे आधी ठरवावं लागतं.

'इनबिटवीनर्स'वाल्यांनी तो ठरवला होता. त्यांनी चौघांची शाळाच संपवली. सिनेमा सुरू होतो तेव्हा मूळ जागाच उरलेली नसते, म्हणजे सिस्टिमने परत जायचं तरी कुठे? विल आणि सायमन युनिव्हर्सिटीत जाणार, जे आणि नील मागे राहणार. घरून निघण्यापूर्वी सिनेमा पटापट एकेकाचं दुःख दाखवून टाकतो. विलच्या वडिलांनी त्याला न सांगता दुसरं लग्न केलंय, कार्लीने सायमनला सोडलंय, जेचे आजोबा वारलेत. नवख्या प्रेक्षकाला एवढी ओळख पुरते. (गंमत म्हणजे विलच्या वडिलांचं काम करणारे अँथनी हेड हे कार्ली झालेल्या एमिली हेडचे खरे वडील!)

मग चौघं ग्रीसच्या क्रीट बेटावर, मालिया नावाच्या गावी जातात. हे गाव खरंच आहे. परीक्षा संपवून घोळक्याने आलेल्या ब्रिटिश पोरांचा तिथे उन्हाळाभर धुडगूस चालतो. त्याच मालियाजवळ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मिनोअन राजवाड्याचे अवशेष आहेत, पण बारच्या रांगेतून तिकडे वळतो कोण?

सुट्टीने इथे तीन कामं केली. एक, आईवडील आणि शिक्षक बाजूला झाले. मालिकेत तेच ब्रेक होते. आता गाडी उतारावर आणि ब्रेक काढलेले. दोन, दिवस मोजके, त्यामुळे प्रत्येक फजितीला घाई आली. तीन, भिकार हॉटेलात चौघांना एकमेकांशिवाय आधार नाही, त्यामुळे भांडण झालं की पळून जायला जागा नाही.

आता चावटपणाकडे. अशा सिनेमांत सहसा पोरं बढाया मारतात आणि सिनेमाही त्यांच्याच बाजूने असतो. इथे बढाई आधी येते आणि आपटणं लगेच मागोमाग. हसं प्रत्येक वेळी पोरांचंच होतं. इथे त्यांना चार मुली भेटतात : ॲलिसन, लूसी, जेन आणि लीसा. त्या या चौघांपेक्षा समंजस आहेत, आणि आपल्यासमोर कसले नमुने उभे आहेत हे त्यांना पहिल्या भेटीतच कळतं.

माझ्या मते सिनेमाचा जीव आहे जे आणि जेनच्या गोष्टीत. जेन जाड आहे. जेला ती मनापासून आवडते, पण मित्र हसतील म्हणून तो तिला झिडकारतो. मालिकेचे १८ भाग हा पोरगा मित्रांनी हसू नये म्हणून थापा मारत आलाय, आणि इथे त्याच भीतीची किंमत एका चांगल्या मुलीला मोजावी लागते. मालिकेत हे पुढच्या आठवड्यात पुसलं गेलं असतं. सिनेमात पुसता येत नाही. शेवटी बोटीवरच्या पार्टीत तो सगळ्यांदेखत तिच्याजवळ जातो. आयुष्यात पहिल्यांदा त्याने खरोखर काहीतरी केलेलं असतं, आणि त्यासाठी थाप मारावी लागलेली नसते. सिस्टिम मूळ जागेवरून हलली ती इथे.

एक मुलगी म्हणून माझी तक्रारही नोंदवते. या चार मुलींना स्वतःचे विनोद फार कमी मिळालेत. इतक्या बऱ्या मुली या चार ध्यानांत नक्की काय बघतात, हे सिनेमा नीट पटवत नाही. जेनच्या जाडीवर पोरं हसतात तेव्हा सिनेमा त्यांना खोटं पाडतो हे खरं, पण त्याआधी थिएटरमधला हशा वसूल करून घेतो, हेही तितकंच खरं.

थोडा हिशोब. दिग्दर्शक बेन पामर मालिकेतूनच आलेला, चारही नट तेच. खर्च सुमारे ३५ लाख पौंड, आणि कमाई एकट्या ब्रिटनमध्ये साडेचार कोटी पौंडांच्या आसपास! सर्टिफिकेट मिळालं '१५', म्हणजे पंधरा वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवेश. '१८' मिळालं असतं तर ज्यांच्यासाठी सिनेमा काढला तेच दाराबाहेर राहिले असते. आणि तारीख बघा : १७ ऑगस्ट २०११. दुसऱ्याच दिवशी तिथल्या ए-लेव्हलचा, म्हणजे साधारण आपल्या बारावीचा, निकाल होता. पडद्यावरची पोरं आणि खुर्चीतली पोरं एकाच उंबरठ्यावर उभी होती.

मग २०१४ मध्ये दुसरा सिनेमा आला, या वेळी ऑस्ट्रेलियाला. दिग्दर्शन लेखकद्वयीचंच. पण पहिल्याचा शेवट गोड झाला होता, आणि सुखी माणसांवर विनोद होत नाही. त्यामुळे जेन जेला सोडून गेली, आणि समजूतदार लूसी एकदम संशयखोर आणि विक्षिप्त झाली. सिस्टिम ओढूनताणून मूळ जागी आणून बसवली. कमाई याही सिनेमाने भरपूर केली, तरी पहिल्याएवढी नाही. हसू येतं, पण सारखं वाटत राहतं, अरे, हे तर शिकले होते ना? (मधल्या काळात, २०१२ मध्ये, एमटीव्हीने अमेरिकन पोरं घेऊन हीच मालिका काढली. ती १२ भागांत आटोपली.)

थोडक्यात काय, मालिकेला सिनेमा बनवताना बीच, बोट आणि चावटपणा ही वरची सजावट आहे. खरा प्रश्न एकच, शेवटी काय परत मिळणार नाही? ते ठरलं की बाकीचं जमतं. गॅदरिंगची दहा मिनिटांची हिट स्किट ताणून एकांकिका करायला निघालेल्या आपल्या वीरांनीही हे ध्यानात घ्यावं. नुसते पंच वाढवून भागत नाही, कुणालातरी बदलावं लागतं.

आणि फायनल इयरवाल्यांनो, ट्रिपला जाणार असाल तर जरूर जा. पण ग्रुपमधला कुणी एखाद्या मुलीबद्दल खरंच मनातलं बोलायला लागला, तर दोन मिनिटं हसू नका. ग्रुपच्या हसण्याला घाबरून गप्प बसलेले जे प्रत्येक बॅचमध्ये असतात, आणि त्यांच्यासाठी पुढचा सीझन नसतो.