स्टिरॉइड : तारक आणि मारक

एकच औषध एका रुग्णाची आकडी थांबविते आणि दुसऱ्याच्या बाबतीत तीच ओढवून आणण्यास कारणीभूत ठरते, असे सांगितले तर सामान्य माणूस बुचकळ्यात पडेल. स्टिरॉइडच्या बाबतीत मात्र ही वस्तुस्थिती आहे. म्हणूनच या औषधाशी आपल्या समाजाने चालविलेली सलगी आम्हांस चिंताजनक वाटते.

तारक बाजू प्रथम पाहू. तान्ह्या मुलांना येणाऱ्या एका घातक आकडीचे वर्णन डॉ. वेस्ट या इंग्रज वैद्याने 1841 साली स्वतःच्या मुलावरून केले. तिच्यावर आजही स्टिरॉइड हा एक प्रमुख उपाय आहे. आपल्या देशात फेफऱ्याचे एक मोठे कारण म्हणजे पट्टकृमीची मेंदूत शिरलेली अळी. कृमीची अंडी दूषित पाण्यातून व न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. त्यामुळे शाकाहाऱ्यालाही हा रोग चुकत नाही. औषधाने अळी मरू लागली की भोवतालचा मेंदू सुजतो आणि झटके वाढू शकतात. ही सूज आवरण्यासाठी डॉक्टर स्टिरॉइड देतात.

आता दुसरी बाजू. काही आठवडे बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की शरीरातील अधिवृक्क ग्रंथी आपले काम मंदावते. अशा वेळी गोळ्या एकाएकी बंद केल्यास रक्तातील साखर व सोडियम घसरते. रुग्ण कोसळतो आणि क्वचित त्याला झटकेही येतात. उलट, मधुमेह्याची साखर स्टिरॉइडने बेसुमार वाढली तरी झटके येऊ शकतात. शिवाय फेनिटॉइनसारखी फेफऱ्याची जुनी औषधे स्टिरॉइडचा प्रभाव कमी करतात. एका डॉक्टरचे औषध दुसऱ्यास ठाऊक नसेल तर रुग्णाचे हाल ठरलेलेच!

इंदूरजवळच्या हातोदचा रुग्ण मेंदूच्या विकारासाठी इंदूरची वाट धरतो, आपल्या काणकोणचा बांबोळीची. औषधाचे दुकान मात्र हाकेच्या अंतरावर. दम्याला, सांधेदुखीला, अंगावरच्या खाजेला मागील चिठ्ठी दाखवून तीच गोळी पुन्हा घेतली जाते आणि बरे वाटताच सोडली जाते. सांधेदुखीच्या काही 'जडीबुटी' पुड्यांतही स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. तेथे तर आपण काय घेत होतो आणि काय सोडले, याचा रुग्णाला पत्ताच नसतो. 2021 साली काळ्या बुरशीने या स्वैर वापराची किंमत देशाला दाखवून दिली. तो धडा इतक्या लवकर विसरावा काय?

चिठ्ठीवाचून स्टिरॉइड विकू नये, हा कायदा आहेच. त्याचा अंमल हवा. डॉक्टरांनी गोळी कधी व कशी कमी करायची हे चिठ्ठीवर मराठीत लिहून द्यावे. रुग्णांनीही हे औषध आपल्या मर्जीने सुरू करू नये आणि आपल्या मर्जीने बंदही करू नये. यातील दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, हे घराघरांत पोहोचणे अगत्याचे आहे.