अश्वगंधेची माहिती शेतापर्यंत पोहोचते काय?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात आचार्यांनी एक मार्मिक गोष्ट नमूद केली आहे. मेंढपाळ, गुराखी व वनात राहणारे लोक औषधी वनस्पती नावाने व रूपाने ओळखतात. परंतु तेवढ्याने त्यांचा योग, म्हणजे योजना, कळत नाही. रानातील ओळख व वैद्याचे प्रयोजन एकत्र आले म्हणजेच द्रव्याचे औषध होते. आज अनेक वनस्पती रानातून शेतात आल्या. परंतु त्या पिकविणारा शेतकरी आणि वापरणारा वैद्य यांच्यात ज्ञानाची देवाणघेवाण होते काय, याचा विचार आम्ही येथे अश्वगंधेच्या उदाहरणाने करीत आहोत.

बाजाराची प्रतवारी

अश्वगंधा, म्हणजे आपला आस्कंद, मध्य प्रदेशातील नीमच व मंदसौर या जिल्ह्यांत मोठ्या प्रमाणावर पिकतो. नीमचची मंडी या मालाची प्रमुख बाजारपेठ आहे. तेथे मुळाची प्रत त्याची लांबी, जाडी, आतील पांढरेपणा व ठिसूळपणा यांवरून ठरते. जाड, पांढऱ्या व कट्‌कन मोडणाऱ्या मुळास चांगला भाव, बारीक व पिवळट मुळास कमी. ही प्रतवारी डोळ्यांनी व हाताने होते. मुळातील विथॅनोलाइडचे प्रमाण मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. शेतकऱ्याच्या कानी पडतो तो भाव. औषधनिर्मात्यास नेमके काय हवे, हे त्याला क्वचितच कळते.

एक साधे उदाहरण घेऊ. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार अश्वगंधेत बाह्य द्रव्य २ टक्क्यांहून व एकूण भस्म ७ टक्क्यांहून अधिक असू नये. मुळे नीट न धुता, मातीच्या खळ्यावर वाळविली की वाळू चिकटून भस्माचे प्रमाण वाढते. फार्मसी तो माल नाकारते, व्यापारी दुसरीकडे खपवितो, आणि नाकारण्याचे कारण शेतापर्यंत जातच नाही. पुढील वर्षी मुळे त्याच खळ्यावर वाळतात.

पाल्याचा प्रश्न

याहून गंभीर प्रश्न पानांचा आहे. शास्त्रात अश्वगंधेचे मूळ हेच मुख्य प्रयोज्यांग आहे. परंतु विथॅनोलाइड, विशेषतः विथाफेरिन-ए, पानांतही विपुल असते. आणि पाला मुळापेक्षा पुष्कळ स्वस्त. त्यामुळे अर्क काढणाऱ्यांकडून पाल्यालाही मागणी येऊ लागली. केवळ विथॅनोलाइडची टक्केवारी पाहून अर्क घेतला, तर तो मुळाचा की पाल्याचा हे कळत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पानांचा वापर टाळण्याची सूचना केली. पूरक आहार तयार करणाऱ्या अन्न व्यावसायिकांसाठी असलेल्या २०१६ च्या नियमांतही अश्वगंधेचे मूळच स्वीकृत आहे. ही सूचना कारखानदारांच्या फायलीत पोहोचली; पाला विकणाऱ्या शेतकऱ्यास ती कोणी सांगितली?

माहितीचे विद्यमान मार्ग

मार्ग नाहीत असे नव्हे. १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे पहिले कृषी विज्ञान केंद्र सुरू झाले. आज अशी केंद्रे देशभर आहेत. २००० मध्ये राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झाले, २००४ मध्ये किसान कॉल सेंटर आले, तर २०१७ मध्ये औषधी वनस्पतींच्या खरेदी-विक्रीसाठी ई-चरक हे संकेतस्थळ सुरू झाले. लखनौच्या सीमॅप संस्थेने ‘पोषिता’ हे वाण दिले. मंदसौरच्या संशोधन केंद्रातून ‘जवाहर असगंध २०’ आले. बियाणे, पेरणी, रोग यांविषयी या संस्थांकडून उत्तम माहिती मिळते. परंतु प्रयोज्यांग, संग्रहकाल, वाळवण व साठवण यांविषयी शेवटचा शब्द वैद्याचा व फार्मसीचा असावयास हवा. आणि तेथे आपण मौन आहोत.

वास्तविक या विषयात शास्त्र व शेती यांचा उत्तम मेळ आहे. चरकाचार्यांनी कल्पस्थानात मुळांचा संग्रह ग्रीष्मात किंवा शिशिरात करण्यास सांगितले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पेरलेली अश्वगंधा जानेवारी ते मार्चच्या सुमारास, म्हणजे बहुतांशी शिशिरातच काढणीस येते. पाने सुकणे व फळे तांबडी होणे ही पक्वतेची खूण शेतकरी जाणतोच. त्याच्या अनुभवास शास्त्राचा आधार आहे, एवढे सांगितले तरी घाईची काढणी टळण्यास साह्य होईल.

आपण काय करावे?

फार्मसीधारकांस आमची विनंती आहे की, खरेदीच्या मागणीपत्रासोबत शेतकऱ्यास कळेल अशा भाषेत एक पानी सूचनापत्र द्यावे. त्यात वनस्पतीचे शास्त्रीय व स्थानिक नाव, प्रयोज्यांग, काढणीचा काल, धुण्याची व वाळविण्याची रीत आणि चाचणीच्या मर्यादा असाव्यात. माल नाकारल्यास कारण लेखी कळवावे व ते शेतकऱ्यापर्यंत पोहोचविण्याची अट व्यापाऱ्यास घालावी. कसोटीस उतरलेल्या मालास वाढीव भाव द्यावा. भावाविना उपदेश कोणी ऐकत नाही. अर्क घेताना तो मुळाचाच असल्याचा चाचणी अहवाल मागावा.

वैद्यबंधु-भगिनींनीही चूर्ण घेताना ते कोणत्या भागाचे व कोठल्या मालाचे, हे विचारण्याचा प्रघात पाडावा. वैद्याने विचारले तर विक्रेता फार्मसीस विचारील, फार्मसी व्यापाऱ्यास आणि व्यापारी शेतकऱ्यास. आपल्या शाखांनी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रास पत्र लिहून, पुढील हंगामाच्या पेरणीपूर्वी तेथील शेतकरी मेळाव्यात एका वैद्याचे व्याख्यान ठेवण्याविषयी विचारणा करावी, असे आम्ही सुचवितो.