नाव छापा, पण वस्तू कामाची द्या

दरवर्षी 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, कारखान्यांत टोप्या, बिल्ले, पाण्याच्या बाटल्या, की-चेन वाटल्या जातात. (1966 साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, दिन साजरा होतो तो 1972 पासून.) या वस्तूंवर कंपनीचे नाव ठळक असते. जीव वाचवण्याचे काम त्यांतल्या फार थोड्या करतात.

ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्याने दिलेले रिफ्लेक्टर मात्र खरोखर उपयोगी पडतात. बैलगाडीला मागे दिवाच नसतो आणि ट्रॉलीचा दिवा बाहेर आलेल्या उसाखाली झाकला जातो. रिफ्लेक्टरला बॅटरी लागत नाही. त्यातले बारीक मणी किंवा लोलक हेडलाइटचा उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतात. मागे लाल, पुढे पांढरा, बाजूला पिवळा अशी पद्धत आहे. तो ट्रॉलीच्या फळीवर लावून भागत नाही, उसाच्या मोळ्यांच्याही बाहेर दिसायला हवा आणि वरची धूळ रोज पुसायला हवी. कारखान्याचे नाव कोपऱ्यात, लहान असावे. चकाकणारी जागा जाहिरातीने खाऊ नये.

दुचाकीचे हेल्मेट भेट देताना आयएस 4151 क्रमांकाची आयएसआय खूण पाहूनच घ्या. आणि कामगाराचे बूट, हातमोजे, शिरस्त्राण ही भेट नव्हे. ती फुकट पुरवणे ही मालकाची जबाबदारीच आहे.